चियांग माईचा घाट उतरेल अशी गाडी

५ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री पिंग नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा माझी स्कूटर गेटाच्या आत मेन स्टँडवर उभी होती. आम्ही तेव्हा थायलंडमधल्या चियांग माई शहरात, चांग खलान भागात राहत होतो, नदीपासून पायी पाच मिनिटांवर. त्या दिवशी नवरात पुलापाशी पाण्याची पातळी ५.३० मीटरपर्यंत गेली, तिथली आजवरची सर्वांत जास्त. पहाटे वरच्या मजल्यावरून वाकून बघितलं तर गाडीचे फक्त दोन आरसे पाण्याबाहेर होते.

पाणी ओसरल्यावर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या लुंगने ती ढकलत नेली. लुंग म्हणजे काका. गल्लीत सगळे त्याला तेवढंच म्हणतात. त्याने खाली पत्र्याचा डबा ठेवून ऑइलचा बोल्ट काढला. आधी स्वच्छ पाणी आलं, मग बराच वेळ काही नाही, आणि मग जास्त दुधाच्या चहासारखं काहीतरी घट्ट, संथ गळायला लागलं. डाव्या बाजूचं बेल्टचं कव्हर उघडलं तर आतून वाटीभर गाळ पडला. त्याने बेल्ट दोन बोटांत धरून मला दाखवला आणि विचारलं, "पाण्यातून काढल्यावर सुरू करून बघितलीस का?" मी नाही म्हटलं. "शहाणी आहेस," म्हणाला. पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीचं बटण दाबलं की आत साचलेलं पाणी इंजिन फोडतं, आणि त्या आठवड्यात त्याच्या दारात अशा बऱ्याच गाड्या आल्या होत्या. पण माझ्या गाडीचाही हिशोब जमेना. ११० सीसीची, सहा वर्षं वापरलेली, तीही घेताना सेकंडहँड. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. मी तिथेच ठरवलं की आता नवी घ्यायची, आणि नीट बघून घ्यायची.

इथे गाडीवाचून भागत नाही. शहरात लाल सोंगथेव फिरतात, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकडी असलेल्या पिकअप गाड्या. पण त्यांच्या भरवशावर सकाळी पावणेआठला शाळेत पोचता येत नाही, आणि मी शिक्षिका आहे. पुरानंतर आम्ही मे हियाला घर घेतलं, नदीपासून लांब. शाळा हांग दोंगच्या बाजूला, ११ किलोमीटर. जाताना लेक मागे, येताना लेक आणि सामान. शनिवारी काड लुआंग, म्हणजे नदीकाठचा वारोरोत बाजार, कारण तूरडाळ आणि मसाल्याचं सामान त्या भागातल्या भारतीय दुकानांतच मिळतं. आणि महिन्यातून एकदा तरी दोई सुथेपचा, म्हणजे वर देऊळ असलेल्या इथल्या डोंगराचा घाट, कधी पाहुण्यांना घेऊन, कधी नुसतंच मन झालं म्हणून.

कुठली घेऊ असं स्टाफरूममध्ये विचारलं की उत्तर एकच यायचं: पीसीएक्स. दुसरा कुणी असेल तर एनमॅक्स. त्यात खोटं काही नाही. होंडाची पीसीएक्स १६० आणि यामाहाची एनमॅक्स १५५ या इथल्या मोठ्या, ऐसपैस बिनगिअरच्या गाड्या. टाकी मोठी, सीट रुंद, लांबच्या रस्त्याला खड्डा जाणवत नाही. पीसीएक्सची टाकी ८.१ लिटरची आहे. माझ्या ११ किलोमीटरच्या येण्याजाण्याला दोन आठवडे पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. नवऱ्याचंही मत तेच होतं, पण तो पावणेसहा फूट उंच आहे. मी पाच फूट एक इंच.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही होतं, आणि ते साताऱ्याहून आलेलं आहे. आमच्या आण्णांकडे कायनेटिक होंडा होती. १९८४ साली आलेली ती गाडी. बटणावर सुरू व्हायची, गिअर नाही, क्लच नाही. त्या वेळी बजाजची गाडी वाकडी करून किक मारणाऱ्या शेजाऱ्यांना ती बायकांची गाडी वाटायची. आण्णांना तसं कधीच वाटलं नाही. मी त्यांच्याकडून ती शिकले ती यवतेश्वरच्या घाटात. शिकवण्याची त्यांची पद्धत अशी की चढताना गप्प बसायचे आणि उतरताना बोलायचे. "चढताना गाडी दमते, उतरताना ब्रेक दमतो," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुठलाही उतार लागला की कानात तेच येतं. बिनगिअरच्या गाडीला उतारावर दुसऱ्या गिअरचा आधार नसतो. सगळं ओझं ब्रेकवर.

त्यामुळे माझ्या मनातला प्रश्न गाडी वेग किती पटकन घेते हा नव्हताच. मागे नऊ वर्षांची मुलगी, पुढे पायाशी सामान, पावसाळ्यातला ओला घाट, आणि मी उतरतेय. त्या वेळी कुठली गाडी माझ्या हातात राहील? बाकी सगळं त्यानंतर.

शोरूममध्ये गेले तर कळलं की चालवून बघायला गाडी मिळत नाही. इथे बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. सीटवर बसा, आरसे फिरवा, डिकी उघडून बघा, ठरवा. इथली माणसं लहानपणापासून या गाड्यांवरच वाढलेली असतात, त्यांना ते चालत असेल. सत्तर-ऐंशी हजार बाहत मोजायचे आणि वळणावर कशी वागते ते पैसे दिल्यावर कळायचं, हे मला पटेना. मग सोपा मार्ग सापडला. जुन्या शहराच्या पूर्वेला, थापे वेशीजवळच्या मून मुआंग रस्त्यावर भाड्याने गाड्या देणारी दुकानं ओळीने आहेत. पर्यटकांसाठीची, पण आपल्याला कोण अडवतंय? मॉडेलप्रमाणे दिवसाला अडीचशे ते चारशे बाहत. मी ठरवलं, चार शनिवार, चार गाड्या, रस्ता एकच: मून मुआंगवरून काड लुआंग, तिथून सामान भरून मे हियाला घरी, लेकीला घेऊन दोई सुथेप वर आणि खाली, मग गाडी परत.

भाड्याने घ्यायची वेळ कुणावर आली तर दोन गोष्टी सांगते. पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका. रोख अनामत घेणारी दुकानं आहेत, तीच शोधा. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, खालची ओरखड्यांची बाजूसुद्धा. लायसन्स इथलं असलेलं बरं. माझं होतं. पहिल्यांदा दोन वर्षांचं मिळतं, नंतर पाच वर्षांचं. त्या परीक्षेत एका अरुंद, जराशा उंच फळीवरून गाडी सरळ न्यायची असते. कमी वेगात तोल सांभाळता येतो का, हे तिथे नेमकं कळतं. माझ्या पुढच्या मुलाची गाडी दोनदा फळीवरून उतरली, आणि तिसऱ्यांदा गेला तेव्हा रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला शनिवार पीसीएक्सचा. कालव्याच्या रस्त्याला लागले आणि पहिल्या पाच मिनिटांत स्टाफरूमचं म्हणणं पटलं. हा रस्ता सरळ, रुंद, मधे यू-टर्न, शेजारून ट्रक आणि पिकअप जोरात जातात. तिथे गाडीला थोडं वजन असलं की वाऱ्याच्या झोताने हलत नाही. घाट चढतानाही दोघींना घेऊन आरामात गेली. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, म्हणजे निसरड्यावर मागचं चाक जागच्या जागी फिरत नाही; पुढे एबीएस आहे, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. पैसे आणि उंची असती तर मी हीच घेतली असती.

अडलं ते दोन ठिकाणी. कागदावर पीसीएक्सची सीट ७६४ मिलिमीटर उंच, म्हणजे मी नंतर बघितलेल्या होंडाच्याच क्लिक १६० पेक्षा कमीच, तिची ७७८. म्हणून मला वाटलं होतं की पाय सहज टेकतील. पण पीसीएक्सची सीट मांड्यांपाशी रुंद आहे. पाय बाजूला फाकतात आणि तिथेच दोन बोटं उंची खर्ची पडते. थांबले की माझे चवडे टेकायचे, टाचा हवेत. सपाट रस्त्यावर चालून जातं. पण देवळाच्या वाटेवर एका वळणाआधी सोंगथेव अचानक थांबला, चढावर, डावीकडे उतार असलेल्या कडेला. मी थांबले आणि १३० किलोंहून जड गाडी, मागे लेक, असा सगळा भार एका चवड्यावर आला. पडले नाही. पण तो क्षण विसरले नाही. सीटची उंची बघताना फक्त आकडा वाचू नये, बसून दोन्ही टाचा कुठे आहेत ते बघावं, आणि मागे कुणाला तरी बसवून बघावं. मागे माणूस बसला की स्प्रिंग दबून गाडी थोडी खाली येते, पण तोल सांभाळायचा भार दुप्पट होतो. लेकीचेही पाय मागच्या फूटरेस्टला नीट पोचत नव्हते. मुलांना डबलसीट न्यायचं असेल तर हे बघाच. पाय लोंबकळत असतील तर मूल वळणावर आपल्याला पकडून लटकतं.

दुसरी अडचण सामानाची. पीसीएक्स, एनमॅक्स आणि यामाहाचीच एअरॉक्स या गाड्यांना दोन पायांच्या मधे उंचवटा असतो; पाय ठेवायला सलग सपाट जागा नाही. डिकी ३० लिटरची आहे, त्यात पिशव्या मावतात. पण दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा पाण्याचा गठ्ठा कुठे ठेवणार? आमच्याकडे आठवड्याला असे दोन गठ्ठे लागतात. पुण्या-साताऱ्यात आपण ॲक्टिव्हाच्या पायाशी गॅसचं सिलिंडर नेलेली माणसं. ती सपाट जागा किती कामाची आहे हे ती नसलेली गाडी घेईपर्यंत लक्षात येत नाही. (एअरॉक्स १५५ आता भारतातही मिळते, २०२१ पासून, तिकडे घेणाऱ्यांनीही हा विचार करावा.)

दुसऱ्या शनिवारी यामाहाची ग्रँड फिलानो. १२५ सीसी, वजन १०० किलोंच्या आसपास, हातात घेतली की सायकलसारखी वाटते. डिकी २७ लिटर, पाय ठेवायला सपाट जागा, आणि पेट्रोलचं झाकण पुढे हँडलखाली. पंपावर उतरायला नको, सीट उचलायला नको. जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा रस्ता मोठा गमतीचा आहे. आतल्या कडेने वाहतूक एका दिशेने जाते, बाहेरच्या कडेने उलट्या दिशेने, आणि मधे पाणी. चुकलं की पुढच्या पुलापर्यंत जावंच लागतं. तिथे ही गाडी माशासारखी फिरली. तिलाही एबीएसचं मॉडेल आहे. जिचं सगळं फिरणं खंदकाच्या आसपास आहे तिने डोळे मिटून ही घ्यावी, आणि मी शाळेतल्या एका मैत्रिणीला ती घ्यायला लावलीसुद्धा. माझं अडलं ते कालव्याच्या रस्त्यावर. १२ इंची चाकं आणि हलकं वजन. शेजारून ट्रक गेला की मी हँडल घट्ट धरत होते.

तिसऱ्या शनिवारच्या गाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष तिच्या कंपनीचा होता असं मला म्हणता येणार नाही. १२५ सीसीची, मागे ड्रम ब्रेक असलेली, दुकानातली बरीच चाललेली गाडी. पण मला जे शोधायचं होतं ते मला तिनेच दाखवलं.

दोई सुथेपचा रस्ता म्हणजे १००४ क्रमांकाचा, प्राणिसंग्रहालयापासून चढायला लागतो. पायथ्याशी ख्रूबा श्रीविचय या भिक्खूंचा पुतळा आहे. १९३४ च्या नोव्हेंबरात त्यांनी हा रस्ता करायला घेतला आणि गावोगावच्या माणसांनी श्रमदानाने तो १९३५ च्या एप्रिलअखेर वरपर्यंत नेला. यंत्रं नव्हती, कुदळी होत्या. इथले लोक चढायच्या आधी पुतळ्यापाशी थांबून हात जोडतात, मीही जोडते. शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपास, देऊळ हजार मीटरांच्या वर. म्हणजे उतरताना दहा-बारा किलोमीटरांत सातशे मीटर खाली यायचं, वळणामागून वळण.

बिनगिअरच्या गाडीत काय होतं ते आधी सांगते. आत एक बेल्ट असतो, दोन पुल्यांवर फिरणारा. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो. आपण न बदलता गिअर बदलत राहतो. मागच्या बाजूला क्लच असतो, तो फिरण्याच्या जोरावर पकडतो. इंजिनाचे फेरे कमी झाले की तो सुटतो, म्हणून सिग्नलला गाडी बंद न पडता उभी राहते. उतारावर हीच सोय अंगाशी येते. रेस सोडून आपण हळू झालो, पंधरा-वीसच्या खाली आलो, की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावायला लागते, सायकलसारखी. इंजिन काहीच धरून ठेवत नाही. तेव्हा रेस किंचित, अगदी केसभर दिली की क्लच परत पकडतो आणि इंजिनाचा थोडा आधार मिळतो. उतरताना रेस द्यायची हे नव्या माणसाला वेड्यासारखं वाटतं. आण्णांनी मला ते यवतेश्वरला शिकवलं होतं, तेव्हा या बेल्ट-पुलीच्या यंत्रणेला सीव्हीटी म्हणतात हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

तर त्या दिवशी आम्ही उतरत होतो. नुकती सर पडून गेली होती, रस्त्यावर सागाची मोठी पानं चिकटून बसलेली. पुढे एक व्हॅन रेंगाळत होती, तिच्या मागे वेग मुळी वीसच्या वर जाईना. म्हणजे इंजिनाचा आधार नाही, फक्त ब्रेक. पाच-सहा वळणांनंतर डाव्या हाताचा लिव्हर हँडलच्या जास्त जवळ यायला लागला. मग जळका वास आला. लेक म्हणाली, "आई, कुणीतरी काहीतरी जाळतंय." मी पुढच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली, उभी केली आणि वीस मिनिटं आम्ही दोघी कठड्यावर बसून राहिलो. खाली अख्खं चियांग माई दिसत होतं, विमानतळाची धावपट्टी रेघेसारखी. मागच्या चाकापाशी हात नेला तर आच लागत होती. गार झाल्यावर पुढचा ब्रेक जास्त, मागचा कमी, धरून-सोडून-धरून, असे सावकाश खाली आलो. त्या ब्रेकचे लायनर किती झिजले होते, शेवटचे कधी बदलले होते, देव जाणे. गाडी परत देताना मी दुकानदाराला वास आणि लिव्हर दोन्ही सांगितलं, आणि त्याने माझ्यासमोर ती आत नेऊन वेगळी उभी केली.

त्या संध्याकाळी माझी यादी आपोआप लहान झाली. पुढे एबीएस हवंच. पायाशी सपाट जागा हवी. दोन्ही चवडे पूर्ण टेकले पाहिजेत. चाक मोठं असेल तर उत्तम. आणि घाटात वीसच्या खाली रखडावं न लागता, सोडलेल्या रेसवर थोडं धरून ठेवेल असं, १२५ पेक्षा जरा मोठं इंजिन.

चौथ्या शनिवारी क्लिक १६०. इंजिन पीसीएक्सचंच, १५६.९ सीसी, पण गाडी पीसीएक्सपेक्षा सुमारे १५ किलोंनी हलकी. चाकं १४ इंची. सीट पुढे निमुळती, त्यामुळे ७७८ मिलिमीटर असूनही माझे चवडे पूर्ण टेकले, टाचा तेवढ्या जेमतेम सुटल्या. पायाशी पाण्याचे दोन गठ्ठे एकावर एक बसले, वर हुकाला तूरडाळीची पिशवी. लेकीचे पाय फूटरेस्टवर. घाटात चढताना दम खाल्ला नाही, आणि उतरताना पंचवीस-तीसच्या वेगात रेस सोडली की मागून कुणी हलकं धरल्यासारखं वाटत राहिलं. मी त्याच मोकळ्या जागेत थांबले, चाकापाशी हात नेला. कोमट.

उणंही आहे. डिकी १८ लिटरची, त्यात हेल्मेट आणि रेनकोट संपला विषय. टाकी ५.५ लिटर. आणि पेट्रोल भरायला सीट उचलावी लागते. पावसात पंपावर छपराच्या कडेला उभं राहावं लागलं तर डिकीत पाणी जातं. मी हे सगळं वहीत लिहिलं, समोर घाट लिहिला, आणि वही मिटली.

खरेदीचा भाग मी भराभर सांगते, कारण तो बहुतेकांचा सारखाच असतो. दोन शोरूम पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी एबीएसचं मॉडेल नव्हतं आणि साधं लगेच घेऊन जा असा आग्रह होता. रंग छान आहे, सगळे हेच घेतात. मी तिथून निघाले. दुसऱ्या ठिकाणी विक्रीला असलेली मुलगी माझ्याच शाळेतल्या एका मुलाची ताई निघाली. ती मला "ख्रू" म्हणायला लागली, म्हणजे शिक्षिका, आणि मग बोलणं सरळ झालं. तिने आधी हप्त्यांचा कागद पुढे केला. इथे रोखीने घेणाऱ्यापेक्षा हप्त्याने घेणारं गिऱ्हाईक दुकानाला जास्त आवडतं. २०२३ पासून दुचाकीच्या हप्त्यांवरचं व्याज वर्षाला २३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही असा नियम आहे, पण २३ म्हणजेही थोडं नाही, आणि परदेशी माणसाला हप्ते सहसा मिळतही नाहीत. मी रोख देणार म्हटलं. किंमत सत्तर हजार बाहतच्या घरात, आपल्याकडचे पावणेदोन लाखांच्या आसपास. एबीएसची गाडी यायला तीन आठवडे लागतील म्हणाली, मी थांबले.

कागद लागले ते पासपोर्ट, व्हिसा आणि वर्क परमिट. ज्यांच्याकडे वर्क परमिट नाही त्यांना इमिग्रेशन कचेरीतून पत्त्याचा दाखला आणावा लागतो. सक्तीचा विमा असतो, त्याला फो-रो-बो म्हणतात. ७५ ते १२५ सीसीच्या गाडीला तो वर्षाला ३२३.१४ बाहत, १५० च्या वर गेलं की ६४५.२१. रस्त्याचा कर वर्षाला १०० बाहत. पाच वर्षांनंतर दरवर्षी गाडीची तपासणी. हा सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेपुरता असतो. गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली तर त्यातून काही मिळत नाही. मी वेगळा विमा घेतला, आणि घेताना पुराचं कलम आहे ना ते बोट ठेवून वाचून घेतलं. त्या मुलीला कारण सांगावं लागलं नाही. तिच्या आईचं दुकानही चांग खलानलाच होतं.

गाडी डिसेंबरात आली, नंबरप्लेट आणि हिरवं पुस्तक त्यानंतर काही आठवड्यांनी. इथे दुचाकीची मालकी या हिरव्या पुस्तकावर असते; ते घरी जपून ठेवायचं, गाडीत त्याची झेरॉक्स. शोरूमच्या मुलीने हँडलला मोगऱ्याची माळ बांधली. घरी आल्यावर मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी गाडी सगळीकडून बघितली. "किक कुठेय?" या गाडीला किकच नाही, इथल्या बहुतेक नव्या गाड्यांना नाही, म्हटल्यावर थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "मागचं चाक दाखव. आता पुढचं. ब्रेक दाब." मी दाबला. "हं. ठीक आहे."

पहिल्या हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग झालं, ऑइल बदललं. लुंगला विचारलं तर त्याने अजून एक सांगितलं जे शोरूममध्ये कुणी बोललं नव्हतं: इंजिन ऑइल सगळे बदलतात, मागच्या चाकाच्या गिअरचं ऑइल विसरतात, ते थोडंसंच असतं म्हणून. मी तारीख लिहून ठेवली. ॲव्हरेज त्रेचाळीस ते सेहेचाळीसच्या मधे मिळतं, डबलसीट आणि घाट धरून. मार्चमध्ये जंगलं आणि शेतं जळतात, धुरात दोई सुथेप दिसेनासा होतो. त्या दिवसांत आम्ही वर गेलोच नाही. एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या पाण्याच्या सणात लोकांनी बादल्यांनी गाडी धुतली. मेमध्ये पाऊस आला.

जूनमधल्या एका शनिवारी काड लुआंगहून परत येत होतो. पायाशी पाण्याचे दोन गठ्ठे, हुकाला पिशवी, मागे लेक. कालव्याचा रस्ता, पाऊस नुकताच थांबलेला, डांबर चकचकीत. पन्नासचा वेग असेल. डावीकडच्या सोईतून एक कुत्रं धावत सरळ पुढ्यात आलं. सोई म्हणजे गल्ली. इथल्या प्रत्येक सोईची आपली कुत्री असतात. मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले, जितके दाबता येतील तितके. उजव्या हाताखालचा लिव्हर थरथरायला लागला, आतून कुणी टकटक टकटक करावं तसा, चारही बोटांना जाणवेल असा. चाक अडकलं नाही. गाडी सरळ राहिली, रेघेवर रेघ. कुत्रं पलीकडे गेलं. आम्ही थांबलो तेव्हा माझे दोन्ही चवडे ओल्या रस्त्यावर सपाट टेकलेले होते.

लेकीने मागून माझं जॅकेट मुठीत धरलं होतं. जरा वेळाने ती म्हणाली, "आई, एक गठ्ठा खाली पडला."

मी गाडी कडेला घेतली, साइड स्टँड लावला, तसं इंजिन आपोआप बंद झालं. गठ्ठ्याचं प्लास्टिक एका कोपऱ्याला फाटलं होतं, बाटल्या सगळ्या शाबूत. आम्ही दोघींनी तो उचलून परत पायाशी ठेवला आणि घरी गेलो.